लोटनची दोन बटणं

माझे थोरले बंधू कांतीलाल, म्हणजे आमचे भाईसा, जळगावच्या दुकानात एका झटक्यात ताग्यातून सरळ कापड फाडत. एकोणनव्वद साली लकवा झाला आणि तोच उजवा हात मांडीवर पडून राहिला. डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्यांनी खिडकीबाहेर भिरकावला. हट्ट हा तर आमच्या घराण्याचा जुना धंदा.

त्यात भाईसांच्या जावयांनी सिंगापूरहून मुलांसाठी खाचेतून धावणाऱ्या मोटारींचा खेळ आणला. हातातल्या कंट्रोलरचा घोडा दाबला की गाडी पळे, सोडला की थांबे. भाईसांनी दाबला. बोट एकदम मिटलं आणि गाडी वळणावरून उडाली. दहा वेळा उडाली. त्यांनी कंट्रोलर टाकला, पण नजर गाडीवरून हलेना. मला तेवढं पुरे झालं.

वेग कमीजास्त करायला कंट्रोलरवर एकच चकती होती, तीही ढोबळ. मी तो रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लोटनकडे नेला. त्यानं रेडिओचं आवाजाचं बटण बसवलं, तर धूर निघाला. "शेठ, रेडिओनं बटन आवाज झेलस, मोटर नही," असं म्हणून त्यानं विजेच्या शेगडीची तार उलगडली आणि हातानं गुंडाळून दोन नवी बटणं केली, एक वेगाचं, एक ब्रेकचं. वेगाचं केसभर फिरवलं की गाडी केसभरच मंदावायची. मी तोंडात बोट घातलं.

वेग अगदी कमी ठेवून कंट्रोलर भाईसांना दिला. पहिली फेरी पुरी झाली. मग ते रोज बसू लागले, आणि मी रोज सकाळी त्यांच्या नकळत ते बटण केसभर वाढवू लागलो. सांगितलं असतं तर कंट्रोलरही खिडकीबाहेर गेला असता.

आम्हा जैनांची संवत्सरी आली. या दिवसांत आम्ही वर्षभराच्या चुकांची एकमेकांकडे क्षमा मागतो, आणि हातचं राखून मागितलेली क्षमा कसली? दुसऱ्या दिवशी उपवासाचं पारणं झाल्यावर मी भाईसांपुढे हात जोडले, 'मिच्छामि दुक्कडम' म्हणालो आणि बटणाचं सगळं सांगून टाकलं. मान वर करायची हिंमत होईना.

"आता कुठवर आहे ते?" त्यांनी विचारलं.

"शेवटाला. महिना झाला. पहिल्या दिवशी उडत होती, तोच वेग."

त्यांनी बटण चाचपून पाहिलं. ते पुढे सरकेना. मग घोडा दाबला. गाडी सणसणत सुटली, वळणाआधी बोट सैल झालं, गाडी वळली, पुन्हा सुटली. एक फेरी, दुसरी, तिसरी. भाईसा गाडीकडे बघतच नव्हते. ते आपल्या बोटाकडे बघत होते.

"अभय, हे लोटनचं बटण करत नाही ना रे?"

"नाही भाईसा. तुम्ही करताय."