प्रवाळबेटावरून भट्टीवर

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे. परंतु आमटीच्या टोपाशी माझे नाते जोडू नका. मी पाणबुड्याच्या मस्तकावर चढणारा, चार जाड काचांचा टोप आहे. बदलापुरानजीक कुळगावच्या बाळाजीच्या माळ्यावर सध्या माझे वास्तव्य असते. माझी हकिगत ऐकून तुम्हांस किळस आली तर ती दाबू नका.

मुंबईच्या एका कारखान्यात मला ठोकून घडविण्यात आले. हवेची नळी जोडण्यासाठी माझ्या मागे एक आखूड गळा ठेवला व त्यात चामड्याची चकती असलेली झडप बसविली. हिचे कार्य नीट ध्यानात घ्या. पंपाची हवा ती आत येऊ देते, उलट जाऊ देत नाही. खोल पाण्यात नळी फुटली, तर रुपयाएवढी ती चकतीच पाणबुड्याचा जीव राखते. ती नसेल, तर टोपातील हवा उलटी ओढली जाते आणि समुद्र त्याच्या छातीचा चुराडा करतो. म्हणून बुडी मारण्यापूर्वी पाणबुड्या गळ्यास तोंड लावून हवा ओढून पाहतो. जीभ चिकटून बसली, म्हणजे झडप शाबूत.

१९४८ साली एक बुडालेले गलबत काढण्यासाठी, मुंबईच्या गोदीत पाणबुड्या असलेल्या बाळाजीला व मला अरबी समुद्रातील एका प्रवाळबेटावर नेले. तेथील पाण्याचे वर्णन मी काय करावे? हरणाच्या शिंगांसारखी प्रवाळे, त्यांतून हळदी रंगाच्या मासळीचे थवे, आणि एक म्हातारे कासव, जे माझ्या काचेशी येऊन आत कोण आहे ते पाहून जाई. प्रत्येक प्रवाळ म्हणजे सहस्रावधी चिमुकल्या जिवांचे गाव असते. परंतु होड्यांतून हौशी प्रवासी येत, त्या गावांवर बूट ठेवून उभे राहत, पहारीने फांद्या तोडीत व उष्टी केळी पाण्यात भिरकावीत. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट अशी की, माझ्या बाळाजीनेही जाताना एक गुलाबी फांदी तोडली आणि ट्रंकेत घातली.

घरी ट्रंक उघडताच त्याची पत्नी विठा नाकाला पदर लावून मागे सरली.

"अगंबाई! काय मेलेलं आणलंत हो हे?"

"अगं, समुद्रातलं फूल आहे ते."

"फुलाला कुणी अळ्या पाहिल्यात? आधी उकिरड्यावर टाका!"

त्या फांदीतील जीव वाटेतच मेले होते व कुजले होते.

पुढे बाळाजीचे गोदीतील काम सुटले. गोदीने मोडीत काढलेला मी त्याच्या वाट्यास आलो. तेव्हा नुकताच दारूबंदीचा कायदा झाला होता, आणि विठाचा भाऊ धर्मराज शिरगावच्या ओढ्याकाठी, करवंदीच्या जाळीत, चोरून भट्टी लावीत असे. त्याची दृष्टी माझ्यावर पडली.

"दाजी, टोप द्या की. तांब्यातली धार गोड उतरते. अन् काचेतून आतलं उकळतं दिसतं, झाकण उघडायला नको."

"काचा फोडू नको म्हणजे झालं," बाळाजी म्हणाला. दर शनिवारी एक बाटली घरपोच येईल, एवढ्यावर त्याने मला दिले. विठा रागाने दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मित्रांनो, ती सहा वर्षे आठवली की माझे तांबे आजही हिरवे पडते. मडक्यात काळा गूळ, नवसागर व सडकी केळी आंबत. वर मला उपडे घालून शेणमातीने लिंपीत. ज्या काचांतून मी कासव पाहिले, त्यांवर आतून पिवळट फेस व फुगलेली झुरळे चिकटत. ज्या गळ्यातून हवा आत येई, त्यातूनच आता वाफ बाहेर काढावयाची होती. झडप ती अडवू लागली, तेव्हा धर्मराजाने चिमट्याने चकतीच उपटली. हे त्याने कोणासही सांगितले नाही. मला सांगता येत नव्हते.

१९५६ साली शरदचंद्र नावाचे एक गृहस्थ कुळगावी आले. त्याच बेटावर धक्का बांधावयाचा होता व पाणबुड्या हवा होता. बाळाजी आनंदाने वेडा झाला. त्याने मला भट्टीवरून परत आणून बाहेरून चिंच व राख लावून असे घासले की मी नवा दिसू लागलो. परीक्षा उल्हास नदीच्या डोहात ठरली. शरदचंद्रांनी हातपंप आणला होता, परंतु त्यांच्या रबरी नळीला तीन ठिकाणी ठिगळे होती. सारा गाव काठावर लोटला. धर्मराज पुढेच होता.

"चला, आटपा. माझी गाडी चुकेल," शरदचंद्र म्हणाले.

"दाजी, घाला की डोक्यात! नवरदेव दिसाल!" धर्मराज ओरडला.

लोक हसले. बाळाजीने मला उचलले. त्याचे मस्तक माझ्यात शिरणार, तोच जुन्या सवयीने त्याने गळ्यास ओठ लावले व जोराने हवा ओढली. जीभ चिकटली नाही. सहा वर्षांची आंबट घाण मात्र सरळ त्याच्या घशात उतरली आणि तो जागीच भडभडून ओकला.

तोंड पुसत त्याने गळ्यात बोट घातले. ते कोठेही न अडता आरपार गेले.

"धर्मा, चकती कुठाय?"

"ते चामडं होय? वाफ अडवत होतं. फुकट कशाला जायचं, म्हणून वहाणेच्या टाचेला ठोकलं."

विठा पुढे झाली. तिने भावाच्या पायाकडे पाहिले.

"म्हणजे माझं कुंकू तू टाचेखाली घालून हिंडत होतास, मेल्या?"

तिने त्याची वहाण ओढून काढली. धर्मराज एका पायावर उभा राहिला. कोणीही हसले नाही.

शरदचंद्रांनी मला हुंगले व खिशातील रुमाल नाकाशी धरला. "दारूचा धंदा करता? माझ्यामागे पोलीस लावायचेत का?" ते पंपाची नळी गुंडाळू लागले.

"साहेब, मेहुण्यानं चोरला नाही, मीच दिला होता टोप. बाटलीसाठी," बाळाजी म्हणाला. ते न थांबता निघून गेले, आणि त्यांच्यासोबत ते निळे पाणीही आम्हांस कायमचे अंतरले.

मित्रांनो, त्या दिवशी बाळाजीचा जीव त्याच्या शहाणपणाने वाचला नाही. तो ओकारीने वाचला. म्हणून माझी विनंती एवढीच आहे: ज्यावर आपला श्वास अवलंबून आहे, ती वस्तू असो, नदी असो वा समुद्र, ती कोणी नासवीत असेल, तर नाक दाबून पुढे जाऊ नका. घाणीची सवय होण्याआधी ओका, ओरडा, आणि आपल्याच माणसाच्या पायातील वहाण काढून पाहा.