इस्त्रीघरातली स्टुलं

“बसा की, ताई. खुर्ची काही चावत नाही.” गुरुबाई आमच्या घरी आल्या तेव्हाचा त्यांचा तो आवाज अजून कानात आहे. आत्या मात्र स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच खुर्चीशेजारी उभी.

बसच्या पुढच्या बाकावर बसायची आमच्या माणसांना बंदी होती; ती उठावी म्हणून गुरुबाई तुरुंगात जाऊन आल्या होत्या. बाक मिळाला. पण घरी जाताना तेवढं बसायचं आणि दिवसभर कामावर खांबासारखं उभं राहायचं, हा कसला हक्क, असं त्या म्हणत. म्हणून त्या आमच्या धुलाई कारखान्यातल्या बायकांना एकत्र करायला आल्या. कॉलर, बाह्या बसूनही इस्त्री होतात. आम्हाला स्टुलं हवी होती.

आत्या सगळ्यांत जुनी. तिच्या शेजारच्या टेबलावर मी. वाफेत तिचा गळा मोकळा होई:

उभी गं इस्त्रीपाशी, वाफ चढते डोळ्यांत
सुरकुती नाही ठेवली, परक्याच्या गं सदऱ्यात

घरी आल्यावर ती दार लोटून पाय कोमट पाण्यात सोडून बसे. मी विचारलं तर म्हणे, “का गं, पायांना आंघोळ नको?” स्टुलांची गोष्ट काढली की म्हणायची, तुम्ही मागा, मला त्यात ओढू नका.

शेवटी मालकांनी आम्हाला बोलावलं. ते हसतमुख होते. म्हणाले, या बाईंना विचारा. इतकी वर्षं उभ्या आहेत, कधी हूं की चूं नाही. त्यांनी स्टुलं हवीत म्हटलं, तर उद्याच आणतो. नाहीतर विषय संपला.

सगळ्यांचे डोळे आत्याकडे. मी गुरुबाईंकडे पाहिलं. सभा गाजवणारी ती बाई नुसती आत्याकडे मायेनं बघत राहिली, लेकीकडे बघावं तशी. वयानं आत्याच मोठी होती.

आत्यानं मालकांच्या टेबलावरचं कापड तळव्यानं सारखं केलं. मग पुन्हा एकदा केलं.

“दुखतात हो पाय,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून दुखतात. बोलले असते तर तुम्हीच म्हणाला असतात, ही माणसंच आळशी. म्हणून गिळत आले.”