नळाला बांधलेला दोरा

धाकट्या बहिणीचं पत्र नानांनी मुद्दाम शब्दकोशात ठेवलं होतं. शब्दकोश रोज हाताळला जाई, म्हणजे पत्राचा विसर पडणार नाही, असा हिशोब. विसर पडलाही नाही. रोज शब्दकोश उघडायचा, पत्र डोकावायचं, आणि नाना खाकरून घाईने दुसरंच पान काढायचे.

पत्र काही मोठं नव्हतं. 'दादा, घरमालक खोली विकतो आहे. एक तर तुझ्याकडे येऊन राहीन, नाहीतर इथल्या वृद्धाश्रमात माझ्यासाठी एक कॉट धरून ठेवली आहे. महिनाअखेरीपर्यंत कळव. नको असेल तर तसं लिहायच्या भानगडीत पडू नकोस, नुसता गप्प राहा. मी समजेन. "नाही" म्हणायचं म्हटलं की तुला घाम फुटतो, हे मला ठाऊक आहे. ता. क. तुझे नळ अजून गळतात का?'

आता फोन उचलून 'ये' म्हणायला काय हरकत होती? पण या दोघा भावंडांची रीतच न्यारी. फोनवर फक्त गुडघे आणि औषधं. मनातलं काय ते कागदावर. आणि कागदाचीच तर नानांना भीती. सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. दुसऱ्याच्या चुका लाल शाईने गोल करता करता स्वतःचं वाक्य पुरं करायची हिंमत उरली नव्हती. 'प्रिय ताई' लिहायचं, मग ती तर धाकटी, तिला 'ताई' कसं, म्हणून खोडायचं. 'चिरंजीव' लिहावं तर ती पासष्टीची. असं मायन्यातच घोडं अडायचं.

खरं कारण मात्र मायना नव्हतं. खरं कारण न्हाणीघरात होतं.

तिथला नळ गळायचा. बहिणीला लहानपणापासून थेंबाच्या आवाजाने झोप लागत नसे. तेव्हा वडिलांनी नळाच्या तोंडाला एक दोरा बांधला होता. थेंब दोऱ्यावरून सरसर उतरून बादलीत गुपचूप जायचा. नानांनीही तेच केलं होतं. आवाज बंद झाला, गळणं काही बंद झालं नाही. शिवाय फ्लश रात्रंदिवस कुजबुजायचा, आणि गीझरचं तर बोलायलाच नको. अशा घरात कुणाला 'ये' म्हणायचं कसं? आधी घर नीट करू, मग लिहू. पण घर नीट करायचं म्हणजे प्लंबरला बोलवायचं, म्हणजे अनोळखी माणसाला सांगायचं की माझ्याकडून साधा नळ सांभाळला जात नाही. नानांनी तेही पुढे ढकललं.

त्यांचं पुढे ढकलणं खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एका सकाळी मोडीत काढलं. दार वाजलं. वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"नाना, माझ्या छतावर नकाशा उमटलाय. काल नुसतं बेट होतं, आज खंड झालाय. तुमच्या न्हाणीघराच्या बरोबर खाली."

"मी... बघतो हं, वहिनी."

"तुम्ही गेलं वर्षभर बघताय. म्हणून आज मी बघणारीच घेऊन आले." त्या बाजूला झाल्या. मागे खांद्याला जड पिशवी लावलेली पन्नाशीची बाई, साडीचा पदर घट्ट खोचलेला. आसपासच्या चार गल्ल्यांत तिला सगळे पानेवाली म्हणत.

"बाई प्लंबर?" नानांच्या तोंडून निघालं आणि त्यांनी लगेच जीभ चावली.

"माहेरहून काहींना दागिने येतात, मला पाना आला," पानेवाली चपला काढत म्हणाली. "बाबा प्लंबर, भाऊ कारकून. कुणीतरी तर घराण्याचं नाव राखायला हवं ना, काका? चला, पेशंट दाखवा."

न्हाणीघरात शिरल्याबरोबर तिची नजर दोऱ्यावर गेली. तिने तो दोन बोटांनी उचलला आणि खदखदून हसली. "अगं बाई! नळाला मुंडावळ्या बांधल्यात. लग्न कुणाशी ठरलंय, बादलीशी?"

वहिनीही हसल्या. नानाही हसले असते, पण आधी लाजावं की आधी हसावं हे ठरेपर्यंत वेळ निघून गेली.

"शाई आहे का घरात?" पानेवालीने विचारलं.

असल्या घरात शाई विचारावी! नानांनी लाल शाईची बाटली आणली. तिने फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून आत चार थेंब टाकले. "आता कुणी फ्लश ओढायचा नाही. थोड्या वेळाने खाली भांड्यात लाल उतरलं तर आतलं रबर गेलं म्हणून समजा. नाही उतरलं तर गळती दुसरीकडे." मग ती नळाकडे वळली, मूठ फिरवून पाहिली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "हा कोण पिळतं एवढा?"

"मी," नाना म्हणाले. "गळतो ना. म्हणून जरा जास्त घट्ट."

"तिथेच तर चुकतं. आत एवढासा वॉशर असतो. तुम्ही गळा दाबता, तो चेपतो, आणखी गळतं, तुम्ही आणखी दाबता. नळ पाणी थांबेपर्यंत फिरवायचा, पुढे एक केसभरसुद्धा नाही. थांबला नाही तर वॉशर बदलायचा, मनगट नाही." बोलता बोलता तिने पाना लावला आणि एक झटका दिला.

कट्!

नळ मुळापासून तिच्या हातात आला आणि भिंतीतून पाण्याचा जाडजूड दांडा सरळ वहिनींच्या छातीवर आदळला. वहिनींनी अशी किंकाळी फोडली की खालच्या रस्त्यावरचा कुत्रा भुंकू लागला. पानेवालीने अंगठा भोकावर दाबला. पाणी अंगठ्याच्या चारी बाजूंनी पंख्यासारखं फाकलं.

"मेन कॉक!" ती ओरडली. "काका, मेन कॉक कुठाय?"

नाना खांबासारखे उभे. मग त्यांचा हात हळूच बाहेरच्या खोलीकडे उठला. तिथे भिंतभर पुस्तकांचं कपाट होतं, जमिनीपासून छतापर्यंत ठासून भरलेलं.

"कपाटात?"

"कपाटामागे. कपाट ठेवलं तेव्हा वाटलं, त्या कॉकची रोज काय गरज..."

"रोज नाही हो, आत्ता आहे! मावशी, उपसा ती पुस्तकं!"

वहिनी निथळत धावल्या आणि मिठी मारून ग्रंथांचे ढीगच्या ढीग पलंगावर भिरकावू लागल्या. नाना मागोमाग एकेक पुस्तक उचलून सरळ करत होते. "वहिनी, जरा क्रमाने. हा तिसरा खंड आहे, दुसऱ्याच्या आधी..."

"नाना! माझ्या छतावरचा खंड आधी!"

आतून पानेवालीचा आवाज आला, "माझा अंगठा बधिर झाला हो! पुस्तकं नंतर वाचा!"

कपाट रिकामं झाल्यावर दोघांनी मिळून ते ढकललं. सरकलं ते वीतभर, आणि पुढे पलंगाला अडलं. त्या फटीत वहिनींचा हात दंडापर्यंत जाऊन रुतला. नानांचा हात मात्र बारीक, बोरूसारखा. तो खांद्यापर्यंत आत गेला. बोटांना थंड लोखंड लागलं. हलेना. नानांनी दात आवळले आणि सवयीने सगळा जोर मनगटात आणला.

"पिळू नका!" पानेवालीला जणू भिंतीपलीकडून दिसत होतं. "जाम झालाय तो, जोर लावलात तर तोही हातात येईल! थोडा उलट, थोडा सुलट. गोंजारा त्याला!"

नानांनी डोळे मिटले. थोडा उलट. थोडा सुलट. कॉक कुरकुरला. पुन्हा उलट, पुन्हा सुलट. कसलीशी गंजाची खपली सुटल्यासारखं झालं आणि तो एकदम शहाण्या मुलासारखा फिरला. आतल्या पाण्याचा आवाज बारीक होत होत थांबला.

पानेवाली बाहेर आली. तिच्या केसांतून, नाकावरून, कोपरांवरून पाणी टपकत होतं. वहिनींची साडी अंगाला चिकटलेली. नानांच्या गालाला कोळिष्टकं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पानेवालीलाच आधी हसू फुटलं. मग वहिनी हसत हसत खाली बसल्या, त्या थेट पाण्यातच. आणि नाना, जे हसताना नेहमी तोंडावर हात धरत, ते हात कपाटामागे अडकलेला असल्यामुळे उघड्या तोंडाने हसले.

"चूक माझी," पदर पिळत पानेवाली म्हणाली. "पाना उचलायच्या आधी मेन कॉक बंद करायचा, हा बाबांनी शिकवलेला पहिला धडा. दोऱ्याला हसण्याच्या नादात विसरले. आता हे कपाट या भिंतीला परत लावायचं नाही हं काका. कॉक कुठाय ते घरातल्या प्रत्येकाला अंधारातही माहीत पाहिजे, आणि महिन्यातून एकदा त्याची उघडझाप करायची. नाहीतर तो रुसून बसतो."

पुढचं काम झपाट्याने झालं. भांड्यात लाल शाई उतरलीच होती, म्हणून फ्लशचं रबर बदललं. भिंतीतला तुटका तुकडा निघाला, नव्या नळाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली गेली. भिंतीतला सांधाही झिरपत होता. नकाशाचं मूळ तेच निघालं. जाता जाता तिने गीझरकडे मान वर केली. आणि गप्प झाली. इतका वेळ अखंड चाललेलं तोंड थांबलं, तेव्हा वहिनींनाही ते जाणवलं.

"इथे हे काय खुपसलंय?"

"पेन्सिल," नाना पुटपुटले. "तिथून सारखे थेंब पडायचे. बूच म्हणून..."

तिने आधी गीझरचं बटण बंद केलं. मग दोघांना बाहेर काढलं. "काका, कुकरची शिट्टी कुणी दाबून धरतं का? हा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. आत वाफेचा जोर वाढला की इथून वाट मिळते. ही वाट बुजवलीत आणि एखाद्या दिवशी गीझर तापतच राहिला, तर तो बॉम्बच." तिचा आवाज आता चढलेला नव्हता, त्यामुळेच जास्त लागला. "गार होऊ दे. व्हॉल्व्ह नवा बसवते. तोवर बटणाला हात लावायचा नाही."

नाना ओल्या पलंगाच्या कडेवर बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र आलं: बहीण अंघोळीला गेली आहे, गुणगुणते आहे, आणि वर ती पेन्सिल.

"बरं झालं उत्तर धाडलं नाही," ते स्वतःशीच म्हणाले.

"कसलं उत्तर?" वहिनींचे कान तिखट. मग काय, खोदून खोदून त्यांनी सगळं काढून घेतलं: पत्र, वृद्धाश्रमातली कॉट, आणि गप्प राहिल्याचा अर्थ 'नको' असा होतो ते.

"म्हणजे तुम्ही आत्ता, या घडीला, सख्ख्या बहिणीला 'नको' म्हणताय?" वहिनी उसळल्या.

"नाही हो! मला तर... ती यावी असं फार वाटतं. पण माझ्या घरात पेन्सिल लावलेला गीझर. तिचं काही बरंवाईट झालं असतं तर? म्हटलं, आधी घर नीट होऊ दे."

पानेवाली स्टुलावर चढता चढता थांबली. "काका, घर कधी पुरतं नीट होत नसतं. झालं असतं तर मी जेवले कशी असते? आज हे रबर, उद्या तो सांधा. माणसं राहतात म्हणून नळ गळतात. रिकाम्या घरात मेन कॉक बंद असतो, तिथे काहीच गळत नाही. तसं पाहिजे का?"

"नको. तिची न्हाणीघरातली गुणगुण ऐकायची आहे," नाना म्हणाले.

"गातात का हो त्या?" तिने विचारलं.

"गाते. बेसूर."

"मग नवा नळच बरा. नळ आणि सूर दोन्ही मिळून गळले असते तर मावशींना खाली झोप नसती."

"माझ्या झोपेचं राहू दे," वहिनी म्हणाल्या, "तारीख किती आज? नाना, उठा. तुमचा कागद कुठाय? हात पुसा आधी!"

नानांनी हात पुसले. टेबल ओलं होतं म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवला. मायना पुन्हा आडवा आला. पेन थांबलं. न्हाणीघरातून पानेवाली गीझरशी बोलत असल्याचा आवाज येत होता: "थोडा उलट, थोडा सुलट, शहाणा माझा." नानांनी मायना सोडूनच दिला.

'घर ओलं आहे, पुस्तकं पलंगावर आहेत, आणि तिसरा खंड सापडत नाही. गीझरचा व्हॉल्व्ह नवा आहे. मेन कॉक कुठे आहे ते मी तुला आल्याबरोबर दाखवीन. तू गाशील तेव्हा खालच्या वहिनी तक्रार करतील, पण त्या करतातच. नळाचा दोरा सोडला आहे. ये. दादा.'

वाचून पाहायचा मोह झाला. दुसऱ्या वाक्यात एक काना राहिल्यासारखा वाटत होता. नानांनी पाकीट चिकटवून टाकलं.

टपालपेटी गल्लीच्या तोंडाशी, बेकरीला लागून. दुपारचं ऊन पडलं होतं, आणि ओल्या कपड्यांतून नानांच्या अंगाला मजेचा गारवा लागत होता. बेकरीवाला म्हणाला, "काय नाना, कपड्यांसकट अंघोळ?" एरवी नानांनी मान खाली घातली असती. आज म्हणाले, "हो. बहीण येणार आहे."

पाकीट फटीत अर्धं गेलं. बोटं सवयीने आवळली: आणखी थोडं पुढे ढकलावं, नीट पडलं का ते चाचपून पाहावं, की काढून तो काना... नानांनी बोटं सैल सोडली.

आत पाकीट पडल्याचा आवाज झाला. एकच, थेंबासारखा. नाना हसले, आणि या वेळी तोंडावर हात न धरता घराकडे वळले. तिथे पलंगावरचा डोंगर उपसायचा होता, आणि वहिनी तो आपल्या मनाने लावायला घेतील याची त्यांना खात्री होती.