दोन फेऱ्या

सायबर कॅफेचं शटर खाली होतं. तरी बाळासोने कुलूप ओढून पाहिलं. शेजारचा चहावाला त्याची गंमत बघत होता. "पावणं, आज बंद हाय. मालक लेकीच्या साखरपुड्याला कबनूरला गेल्यात," तो म्हणाला.

राजारामपुरीत सायबर कॅफे काही एकच नव्हता. बाळासो पुढच्या गल्लीतल्या दुसऱ्या कॅफेत शिरला, खुर्चीत बसला आणि तिथंच घोडं अडलं. बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून जन्म काढलेला माणूस. रोजच्या कॅफेत काउंटरवरची दीप्ती त्याला इंटरनेटवरचं ते पान उघडून द्यायची आणि तो फक्त बटण दाबायचा. पानाचा पत्ता त्याने कधी विचारलाच नव्हता. तो उठला आणि मंगळवार पेठेतल्या घराच्या वाटेला लागला. दिवेलागण झाली होती. घरी बायको, मीनाबाई, उपाशी बसली असणार, या विचाराने तो पाय ओढत चालला.

हा सगळा खेळ त्यांच्या लेकाचा, सूरजचा. पोरगं पुण्याला नोकरीला लागलं तरी सोल्डरिंगचं वेड सुटलं नव्हतं. गेल्या बुद्धपौर्णिमेला त्याने घराच्या दर्शनी भिंतीवर निळ्या दिव्यांचं धम्मचक्र चढवलं. वायरी आत पत्र्याच्या डब्यात नेल्या आणि डबा एका जुन्या कॉम्प्युटरला जोडला. इंटरनेटवर एक पान केलं, त्यावर एकच बटण. जगात कुठूनही कुणी ते दाबलं की डब्यात टकटक व्हायचं आणि भिंतीवरचं चक्र एक फेरी फिरायचं. अख्खी गल्ली बघायला लोटली होती. बाळासोचं मन मात्र फिटरचं. ह्याला कुलूप नको का, असं त्याने विचारलं होतं.

"सणाला कुलूप कशाला, आण्णा? कुणीबी फिरवू दे की," सूरज म्हणाला होता.

सण सरला, पण चक्र उतरलं नाही. गावाहून पुण्याला परतला की, ऑफिसातून खोलीवर आला की, सूरज दोन फेऱ्या फिरवायचा. पोचलो, एवढाच त्याचा निरोप. घरात फोन होता, पण मीनाबाईला चक्रच लागायचं. ते फिरल्याशिवाय ती ताट वाढून घेत नसे.

डिसेंबरात सुट्टी संपवून सूरज मोटरसायकलवरून पुण्याला निघाला. त्या संध्याकाळी चक्र फिरलं नाही. हायवेवर ट्रकने त्याला उडवल्याचा फोन आला, तेव्हा मीनाबाई कट्ट्यावर भिंतीकडे बघत बसली होती.

बाळासोच्या घरात धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या होत्या. श्राद्ध नाही, पिंडदान नाही. कुणी अंगात आलं म्हणालं की गल्लीत सगळ्यांच्या आधी झापायला जाणारा हाच. पण मीनाबाईचं अन्न तुटलं. ती रोज कट्ट्यावर बसायची आणि अंधार पडला की न जेवताच आत येऊन झोपायची. बाईची नुसती काडी झाली. शेवटी एका संध्याकाळी बाळासो राजारामपुरीला चालत गेला. घरचा कॉम्प्युटर होता, पण तिच्या डोळ्यांदेखत कसं दाबणार? त्याने कॅफेत बटण दोनदा दाबलं. घरी आला तेव्हा ती जेवली होती आणि त्याचं ताट झाकून ठेवलं होतं.

मग तो रोज जायला लागला. आयुष्यभर दुसऱ्यांची भुतं हाकलली आणि आता स्वतःच्या घरात एक पाळलं, याची त्याला लाज वाटायची. भीतीही वाटायची. कारण परतताना कधी कधी त्यालाच वाटे की बटण आपण दाबलंच नाही, सूरजनेच दाबलं. मग तो पाय उचलून चालायचा, घरी कुणी वाट बघत असल्यासारखा.

आज पुन्हा बुद्धपौर्णिमा. वंदना आटोपली होती, घरोघरी खीर वाटली जात होती. गल्लीभर दिव्यांच्या माळा होत्या. फक्त त्याचीच भिंत काळी. मीनाबाई कट्ट्यावर बसली होती. तो खाली मान घालून शेजारी टेकला.

"आज बंद हुतं व्हय दुकान?" तिने विचारलं.

कधी कळलं, असं बाळासोने कसंबसं विचारलं.

"पैल्याच दिवशी. सूरज एकदा दाबून थांबायचा, मग दुसऱ्यांदा. तुमी दोन्ही घाईनं दाबताय."

"मग जेवायला कशी लागलीस?"

"तुमी एवढी तंगडतोड करताय. मी न जेवून कसं चालंल?"

बाळासोला रडू आवरेना. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं.

तेवढ्यात आत डब्यात टकटक झालं. भिंत निळी झाली. चक्र एक फेरी फिरलं आणि विझलं. बाळासोने मीनाबाईचा हात घट्ट धरला. मध्ये एक श्वास घेण्याइतकी उसंत गेली आणि पुन्हा टकटक झालं. दुसरी फेरी. मग अंधार.

"दोस्त असंल कुणीतरी त्याचा. सण हाय," बाळासो म्हणाला.

"व्हय, असंल की." मीनाबाई अजून भिंतीकडेच बघत होती. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली. "पोचला म्हणायचं. काढा आता ती वायर. मी ताटं करती."

बाळासो आत गेला. प्लगवर हात ठेवून जरा वेळ थांबला आणि मग त्याने तो ओढला. कॉम्प्युटरचा पंखा वर्षभर घरात घुमत होता, तो हळूहळू थांबला. मीनाबाईने दोन ताटं वाढली. घरात इतकं शांत झालं होतं की दोघंही एकमेकांचं घास चावणं ऐकत जेवली.