उडी मार शेतात, भिऊ नको

वेन्देलीन स्कोचदोपोलेला जन्मभर छळलं ते त्याच्या आडनावानं. चेक भाषेत स्कोच दो पोले म्हणजे सरळसरळ 'उडी मार शेतात'. कुठल्या खापरपणज्यानं कुणाच्या शेतात उडी मारली आणि कशाला, ते कुणालाच ठाऊक नाही. कुणाचा तरी नवरा अवचित घरी आला असणार, दुसरं काय!

शाळेत मास्तरांनी हजेरी घेताना ते नाव पुकारलं की मागच्या बाकावरून कुणीतरी धप्पकन उडी मारायचंच. पलटणीत हवालदारानं पहिल्या दिवशी नाव वाचलं आणि अख्खी तुकडी बटाट्याच्या वावरात पालथी पडली. लग्न ठरत आलं होतं, तर ती मुलगी म्हणाली, "बाकी सगळं पत्करलं, पण जन्मभर उड्या मारायला मी बेडूक आहे का?"

मग वेन्देलीन गेला डोंगरावर. लढाई संपून दोन वर्षं झाली होती. शिखरावर हवामान खात्याचं घर होतं, तिथे वारा मोजायचा, थंडी मोजायची, आणि पहाट फुटायच्या आधी भल्यामोठ्या दुर्बिणीतून शेंडेनक्षत्रं, म्हणजे धूमकेतू, शोधायची. नवं शेंडेनक्षत्र सापडलं की त्याला शोधणाऱ्याचं आडनाव लागतं. ज्याची तार आधी पोचेल त्याचं. वेन्देलीननं हिशेब केला होता: एकदा आपलं नाव आभाळात जाऊन बसलं की खाली हसायची कुणाची टाप आहे!

अकरा वर्षं त्यानं डोळे फोडले. दोनदा सापडलंही. एकदा तार दिवसभर उशिरा पोचली, एकदा तीन तास. दोन्ही वेळा नाव दुसऱ्याचं लागलं.

आणि आज, नोव्हेंबरातल्या शनिवारी, तिसरं शेंडेनक्षत्र कोटाच्या खिशात घालून हा गडी आभाळ आणि जमीन यांच्यामध्ये लटकत होता.

शिखरावरून खाली यायला तारेवरची पाळणागाडी होती. पाळणा कसला, लाकडी खोकंच. दोन माणसं आणि एक टोपली आत बसली की तिसऱ्यानं श्वास बाहेर घ्यायचा. नऊ वाजता ती निघाली आणि वीस मिनिटांनी, झादनी ल्होत्का गावाच्या वरच्या कुरणावर येऊन गचकन थांबली. पुढे जाईना, मागे जाईना. चहूकडे धुकं. धुकं तरी कसलं! हवामानघरातली स्वयंपाकीण मतिल्डाबाई शपथेवर सांगायची की गेल्या साली तिनं अशाच धुक्यावर परकर वाळत घातला होता, तर धुकं परकरासकट निघून गेलं. पलीकडच्या तालुक्यातल्या पाद्रीबाबांनी तो ईस्टरला परत पाठवला. इस्त्री करून.

हीच मतिल्डाबाई त्या खोक्यात वेन्देलीनच्या समोर बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून. मांडीवर टोपली, टोपलीत गरम बुख्ता, म्हणजे आलुबुखाराचा मुरंबा भरलेले गोड पाव. ल्होत्कातल्या बहिणीकडे दुलयांसाठी पिसं सोलायला बायका जमणार होत्या, तिकडे निघाली होती.

"डॉक्टर, बूड स्थिर ठेवा. खोकं हलतंय." वेन्देलीन कशाचाच डॉक्टर नव्हता, पण दुर्बिणीला डोळा लावणारा माणूस डॉक्टरच असणार, असं तिचं मत.

"मला बाराच्या आत पोस्टात पोचायचंय, मतिल्डाबाई. शनिवारी बाराला बंद होतं, ते थेट सोमवारी उघडतं. तार करायचीय."

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"मग तार कशाला? बुख्ता खा."

वेन्देलीननं बुख्ता घेतली, पण तिच्याकडे बघवेना. कारण खिशातल्या कागदावर जे होतं ते पहिल्यांदा बघितलं होतं मतिल्डाबाईनं.

झालं होतं असं. पहाटे तो काडेपेटी आणायला आत गेला. ही बया कॉफीचा मग घेऊन गच्चीत आली, जरा वाकून दुर्बिणीत बघितलं आणि ओरडली, "डॉक्टर, तुमच्या काचेवर कोण शिंकलंय?" वेन्देलीननं काच पुसली. डाग तसाच. पुन्हा पुसली, पुन्हा तसाच. तासाभरानं बघतो तर डाग शेजारच्या ताऱ्याला मागे टाकून पुढे सरकलेला! त्यानं घाईघाईनं आकडे कागदावर उतरवले. तेवढ्यात ती रिकामा मग न्यायला आली आणि विचारलं, "गेला का डाग?"

"गेला," वेन्देलीन म्हणाला. "पुसला मी."

एवढंच. पण ते 'पुसला मी' आता त्या खोक्यात तिसरं माणूस होऊन बसलं होतं, आणि जागा तर दोघांचीच.

खोक्यात एक फोन होता, खालच्या स्टेशनाला जोडलेला. शिखरावरचा बर्फानं दोन दिवस मेला होता, हा मात्र जिवंत होता. साडेनऊला वेन्देलीननं विचारलं, तर गाडीचा मिस्त्री काश्पार म्हणाला, "चाकात बर्फ अडकलाय. दहा मिनिटं." दहाला विचारलं. "दहा मिनिटं." साडेदहालाही दहाच मिनिटं. काश्पारची दहा मिनिटं म्हणजे गावात म्हण नव्हती इतकंच, बाकी सगळ्यांना ठाऊक होती. त्याच दहा मिनिटांत त्याच्या बायकोला जुळी झाली होती.

फोनवरूनच तारेचा मजकूर सांगावा, हे वेन्देलीनला सुचलं नव्हतं असं नाही. पण मजकुराच्या शेवटी नाव येणार. आणि ते मतिल्डाबाईच्या नाकासमोर, सहा बोटांच्या अंतरावरून, मोठ्यांदा बोलावं लागणार. म्हणून तो आपला खिसा चाचपत बसला. त्यात सकाळची तीन मग कॉफी आतून धडका मारायला लागली.

"पाय काय वळताय? लघवीला लागलीय?" मतिल्डाबाई म्हणाली. "मी डोळे मिटते, तुम्ही खिडकी उघडा. मी दोन नवरे पुरलेत, मला काही नवल नाही."

"नको!"

"बघा बुवा. खोकं सुकं राहिलं पाहिजे, माझ्या बुख्ता आहेत."

शेवटी अकरा वाजता त्यानं खिडकी उघडली. आणि मग सव्वाअकराला, बाकी सगळी लाज गेलीच आहे तर ही पण जाऊ दे, म्हणून फोनही उचलला.

काश्पार आता खांबावर चढला होता. फोन घेतला द्राहुशनं. तिकिटाच्या खिडकीत बसायला लागून तिला आठच दिवस झाले होते, ती परगावची, कुणाला ओळखत नव्हती.

"हॅलो! कोण बोलतंय? काही ऐकू येत नाही!" खरखर, खरखर. "गाडीत कोण आहे?"

वेन्देलीन छाती फुटेस्तोवर ओरडला, "स्कोचदोपोले! आणि नेबोइसोव्हा!"

मतिल्डाबाईचं आडनाव नेबोइसोव्हा. शेवटचं 'ओव्हा' हे बायकांच्या आडनावाला लागणारं शेपूट, ते खरखरीनं गिळलं. उरलं काय? नेबोइसा. म्हणजे 'भिऊ नको'.

बिचाऱ्या द्राहुशच्या कानात पडलं ते एवढंच: वरून एक पुरुष कुणाला तरी ओरडून सांगतोय, उडी मार शेतात, भिऊ नको!

"नका हो! नका मारू उडी!" तिनं जी किंकाळी फोडली ती फोनशिवायही वर ऐकू आली. फोन लोंबकळत राहिला, आणि द्राहुश गावात पळाली.

"काय म्हणाली?" मतिल्डाबाईनं विचारलं.

"काही नाही. गेली." वेन्देलीननं कपाळ काचेला टेकलं. बारा वाजायला पाऊण तास. कुरण खाली कुठेतरी, पोस्ट पलीकडे कुठेतरी, आणि आपण दोरीला टांगलेल्या सॉसेजसारखे.

वीसेक मिनिटांनी खालून गलका आला. वारा सुटला होता. धुक्याला मध्येच भोक पडलं, विहिरीएवढं, आणि त्यातून वेन्देलीननं खाली बघितलं. कुरणात अख्खी ल्होत्का उभी होती. पिसं सोलणाऱ्या बायका, लोहार, मास्तर, घंटा वाजवणारा बुढा, सगळे पिसांच्या दुलया ताणून वर तोंड करून उभे. डोक्यांवर, मिशांवर पिसं. आणि एका पिवळ्या दुलईच्या कोपऱ्याला, पेन्सिल कानाला लावून, पोस्टमास्तर हायनिश.

"मेले! ती माझी नवी दुलई!" मतिल्डाबाई खिडकीतून अर्धी बाहेर गेली. "चिखलात! अनेश्के, उचल ती दुलई!"

"आधी तू उडी मार, मग उचलते!" खालून तिची बहीण ओरडली. "ये, ये! धरतो आम्ही!"

"मी कशाला मारू उडी? बुख्ता आहेत माझ्याकडे!"

"मग उडी मार म्हणून ओरडलं कोण?"

वर बघता बघता पोस्टमास्तरांना खिडकीत ओळखीचं नाक दिसलं. अकरा वर्षं त्या नाकाची पत्रं त्यांनी वाटली होती. "अरे थांबा! हा तर आपला स्कोचदोपोले! ते नाव आहे, नाव!" असं म्हणून ते जे हसत सुटले ते दुलईवरच बसले. मग लोहार हसला, मास्तर हसले, पिसं उडाली. कुरण गदगदायला लागलं.

वेन्देलीनला ते हसणं चांगलं ठाऊक होतं. पलटणीतलं, शाळेतलं, तेच. पण इथून पळायला जागाच नव्हती. म्हणून तो पळाला नाही.

"हायनिश!" तो ओरडला. "तार घ्या!"

"इथे?"

"इथेच! बारा वाजायच्या आत!"

पोस्टमास्तर माणूस कायद्याचा. लोहाराची पाठ पुढे ओढून त्यावर कागद ठेवला. वेन्देलीन एकेक आकडा ओरडला, खालून सगळं गाव तो आकडा परत ओरडायचं, बरोबर की नाही बघायला. शेंडेनक्षत्र कुठल्या ताऱ्याजवळ, किती उजेडाचं, कुठे चाललंय. पाढे म्हटल्यासारखं. त्या कुरणातल्या गाईसुद्धा पुढे आठवडाभर त्याच आकड्यात हंबरायच्या म्हणतात.

"शोधणाऱ्याचं नाव?" हायनिश ओरडले.

वेन्देलीननं श्वास घेतला. "स्कोचदोपोले!"

सवयीनं चार दुलया ताणल्या गेल्या.

"एवढंच?"

एवढंच म्हटलं की झालं होतं. अकरा वर्षं त्या एका 'एवढंच'साठी थंडीत कुडकुडला होता. वेन्देलीननं तोंड आत घेतलं. समोर मतिल्डाबाई, मुरंब्याची मिशी फुटलेली, त्याच्याकडे बघत होती.

"मतिल्डाबाई, सकाळचा तो डाग..."

"हां?"

"मी पुसला नव्हता. तो काचेवर नव्हताच. तो आभाळात होता. तुम्ही आधी बघितलात."

मतिल्डाबाईनं बुख्ता चावली, गिळली. "म्हणजे तीन तास मला खोक्यात कोंडून, माझ्या बुख्ता खाऊन, तुम्ही खोटं बोलत बसलात?"

"दोनच खाल्ल्या."

"चार. मी मोजल्या." ती खिडकीकडे वळली. "मग आता काय बघता? माझ्या बहिणीदेखत माझं नाव घ्या की! ओरडा!"

वेन्देलीन बाहेर वाकला. "नेबोइसोव्हा!"

वाऱ्यानं शेपूट पुन्हा तोडलं. आणि खालून अख्खं गाव त्याला एका आवाजात ओरडून म्हणालं, "भिऊ नको!"

हायनिश कागद घेऊन धावले. पोस्ट लांब, वाट चिखलाची, पोस्टमास्तरांचं पोट हे एवढं. बाराच्या आत पोचणं शक्यच नव्हतं. पण ल्होत्कात बारा वाजतात ते घंटेवर, आणि घंटा वाजवणारा बुढा तर कुरणात दुलई धरून उभा. बायकांनी त्याला सोडलंच नाही. तार गेल्याचं पोस्टाच्या दारातून हायनिशनं टोपी उडवून सांगितलं, तेव्हा कुठे त्याला मोकळा केला. त्या शनिवारी गावात बारा वाजले, त्यानंतर लगेच दीड वाजला.

खोकं मात्र चार वाजेपर्यंत तिथेच होतं. दहा मिनिटं, दहा मिनिटं.

कुठल्याशा दूरच्या देशातल्या माणसाची तार तास-दीड तासानं मागून पोचली, असं बुधवारी कळलं. गुरुवारी प्राग रेडिओवर बातमी लागली. निवेदक फार भारदस्त आवाजाचा. "नव्या धूमकेतूचं नाव," तो म्हणाला, "स्कोचदोपोले-नेबोइसा." मग जरा थांबला. मग खोकला. मग रेडिओवर बराच वेळ नुसतं खुसखुस ऐकू येत राहिलं, आणि घाईघाईनं बँड लावला.

हवामानघरात वेन्देलीन हसून हसून खुर्चीवरून पडला.

मतिल्डाबाई मात्र फुगून लसूण सोलत होती. "माझं 'ओव्हा' कुठे गेलं? जगभर मला बाप्या करून ठेवलं."

"लिहू का त्यांना? शेपूट जोडा म्हणून?"

तिनं खिडकीतून वर बघितलं. आभाळ पाच दिवसांनी उघडलं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्याला त्याचं शेपूट आहे की."