दोन शेख इमाम

प्रभाकर देऊळगावकरांचं सगळं आयुष्य हैदराबादच्या नल्लकुंट्यात गेलं, पण निजामाचा चौमहल्ला त्यांनी आतून कधी पाहिला नव्हता. राजवाडा लोकांसाठी खुला झाला तेव्हा ते पंच्याहत्तरीला आले होते. कंपनीने पुण्याहून हैदराबादला पाठवलेला त्यांचा जावई हर्षद एका रविवारी त्यांना घेऊन गेला.

दरबारातली झुंबरं पाहून दोघे मागच्या दालनात आले. तिथे एक साठीची बाई एका जुन्या फोटोसमोरून हलत नव्हती. प्रभाकरराव जवळ गेले तशी ती म्हणाली, "भाईसाब, आपकू उर्दू पढना आता क्या?"

"आता ना. मॅट्रिक उर्दूमेंच करा मैं."

हर्षदला हे माहीत नव्हतं.

फोटो राजवाड्यातल्या नोकरांचा होता. बाईचं नाव राबिया. तिचे वडील शेख इमाम इथे पिण्याच्या पाण्याच्या कोठीवर होते. ती दोन वर्षांची असताना ते वारले. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता.

प्रभाकररावांनी फोटोखालची बारीक नावं एकेक करून वाचली. मागच्या रांगेत तिसरा, शेख इमाम. राबियाने ओढणी तोंडाशी धरली. ते वाचत पुढे गेले आणि थांबले. पुढच्या रांगेतला पाचवाही शेख इमामच होता.

"इनमें अब्बा कौनसे?"

प्रभाकररावांनी दोन्ही चेहरे पुन्हा पाहिले. मग विचारलं, "घर में उनकू देखे सो कोई है?"

शाहअली बंडा मोहल्ल्यात तिची आत्या होती, तिची फुफू. पण तिच्याच्याने जिना उतरवत नव्हता.

हर्षदने मोबाइलवर फोटो काढला. काचेवर उजेड पडत होता, म्हणून तीनदा काढला. आबिड्सच्या एका दुकानात त्याची मोठी प्रत करून घेतली आणि पुढच्या रविवारी दोघे ती घेऊन राबियाबरोबर फुफूच्या घरी गेले.

फुफूने फोटो मांडीवर घेतला आणि लगेच पुढच्या रांगेतल्या पाचव्यावर बोट ठेवलं.

"पक्का?" राबियाने विचारलं.

"मेरा भाई है," म्हातारी रागावली. "शेरवानी उसकी नै. पडोस से माँग को लाया था. हाथां देखो, कित्ते बाहर आए."

मनगटं खरंच उघडी पडली होती. राबियाने फोटो जवळ ओढून घेतला.

"अब्बा इत्ते ऊँचे थे?"

"दरवाजे में झुक को आता था," फुफू म्हणाली.