खोट काढलेल्या चकत्या

माझ्या भावाचा डावा हात कोपरापासून खाली भाजलेला आहे. बॉयलरघरात वाफेच्या नळीचा जोड सुटला तेव्हा धोक्याचा भोंगा वाजायला हवा होता. तो वाजला नाही, कारण त्याची बॅटरी मेली होती आणि ती बदलायचं काम कोणाचं, यावर दोन खात्यांचं भांडण चालू होतं. ते अजून चालू आहे. हात बरा झाल्यावर दादा त्याच बॉयलरघरात परत कामाला लागला. पोटाला भोंगा लागत नाही, ते आपोआप ओरडतं.

म्हणून आम्ही बॅटरीशिवाय वाजणारा भोंगा करत होतो. आम्ही म्हणजे मी आणि वहिनी. दोघी दादाच्याच कारखान्यात, मी दाबयंत्रावर, ती मोजणीच्या खोलीत. कल्पना साधी आहे. काही काळपट पदार्थ असे असतात की त्यांची एक बाजू तापवली आणि दुसरी गार ठेवली, की त्यांतून वीज निघते. वाफेची नळी तापलेलीच असते. तिच्या अंगावर अशा चकत्या बसवल्या की भोंग्याला फुकटची वीज. अट एवढीच, की चकतीने वीज जाऊ द्यायची आणि उष्णता अडवायची. उष्णता पार गेली तर दोन्ही बाजू सारख्याच तापतात, मग काय वाजणार, आमचं कपाळ.

चकत्या मी करायची. पूड साच्यात भरायची, तापवत दाबायची आणि झटकन गार करायची. त्या घाईमुळे चकतीच्या पोटात ताण राहायचा. दिसायलाही दळभद्री. काही तडकायच्या, त्या बाद. आमचे मालक मालाच्या आधी खोका बघणारे. गिऱ्हाईक आलं की चकती खिडकीपाशी धरून मला विचारायचे, ही कुठल्या चुलीतून खरवडून आणलीस?

वहिनीला टापटिपीचा आजार आहे. आमच्या घरात चमचेसुद्धा एका कुशीवर निजतात. बॉयलरघरातली चाचणी जवळ आली होती आणि नवऱ्याच्या डोक्यावर एकही तडकणारी चकती नको, हे तिच्या मनाने घेतलं. तिने अख्खा घाणा पुन्हा भट्टीत घातला आणि हळूहळू निववला. पोटातला ताण निघून जाईल, तडा जायची भीती संपेल, असा हिशेब. मलाही त्यात वावगं दिसलं नाही. चकत्या बाहेर आल्या त्या अशा गुळगुळीत, की मालकांनी त्यांत स्वतःचे दात बघून घेतले.

मोजल्या, तर वीज निम्म्यावर आलेली, भोंग्याला न पुरणारी.

वहिनीने आधी तारांवर संशय घेतला, मग यंत्रावर, मग माझ्यावर. शेवटी तिने एक जुनी आणि एक नवी चकती फोडली आणि दोन्हींचे तुकडे मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली घातले. जुनीत सगळा पसारा होता. कण बारीक, अणूंच्या रांगा मध्येच मोडलेल्या, कुठे ओढलेल्या, कुठे चेपलेल्या. त्या अडगळीत उष्णता पावलोपावली ठेचकाळत होती आणि वीज मात्र वाट काढून जात होती. नवीत रांगा कवायतीसारख्या सरळ, आणि उष्णता हमरस्त्याने गेल्यासारखी पार.

"मी खोट काढली, ठिणगे," वहिनी म्हणाली. माझ्या तोंडाला लगाम नाही म्हणून दादाने ठेवलेलं ते नाव. "तडा वाईटच, तो विजेलाही तोडतो. पण ही बारीक मोडतोड कामाची होती. मी दोघांना एकाच पंगतीला बसवलं."

यातून माणसाच्या आयुष्यावर प्रवचन करायला कोणी बसलं असेल तर त्याने उठावं. भाजल्याने माणूस सुधारत नाही. दादाच्या हाताला विचारा.

नवा घाणा करायला वेळ हवा होता. मालकांनी तो दिला नाही. त्यांच्याकडे युक्ती होती. चकत्या ज्या शिकंज्यात धरतात त्याचे स्क्रू ठरलेल्या खुणेपुढे आवळले, की दाबाने चकतीत दुसरा ताण येतो आणि काही वेळ वीज चढते. 'काही वेळ' हे शब्द मालक जरा हळू बोलले. नळी एकदा निवून परत तापली की आकसते, फुगते, आणि इतक्या आवळलेल्या चकत्या तडकून जातात. मी विचारलं, मग पुढे? ते म्हणाले, पुढचं पुढे. वहिनीला कायम करायचा कागद आपल्या टेबलावर सहीसाठी पडलाय, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

वहिनी मोजणीची वही मिटून उठली. घरी जाताना मी तिला टोमणा मारला, की चमचे तेवढे सरळ ठेव.

चाचणीच्या दिवशी गिऱ्हाइकाचे साहेब आले. दादाने शिकंजा नळीवर बसवला, स्क्रू मालकांनी जातीने आवळले. भोंगा असा खणखणीत वाजला की साहेबांनी कानांवर हात ठेवले आणि मग टाळ्याही वाजवल्या. दादा हसत मला म्हणाला, आता दोन्ही खात्यांना खुशाल भांडू दे.

तेव्हा वहिनी पुढे झाली.

"अहो, पाना घ्या," ती दादाला म्हणाली. "खुणेपर्यंत सैल करा."

मालक घाईने म्हणाले, चाचणी तर झाली.

"तुमची झाली. ह्यांची पाळी आता सुरू व्हायचीय."

दादाने एकदा तिच्याकडे बघितलं. पाना घेतला आणि खुणेपर्यंत फिरवला. भोंगा घरघरला, खाली उतरला, बंद पडला. नळीतली वाफ तेवढी ऐकू येत राहिली. साहेब म्हणाले, तयार झालं की कळवा, आणि जेवायला गेले.

कायम करायचा कागद टेबलावरून खणात गेला. मी पुन्हा पूड भरली, दाबली, झटकन गार केली. चकत्या आल्या तशाच दळभद्री. वहिनीने एकेक नखाने वाजवून बघितली, बद्द वाजल्या त्या फेकल्या आणि उरलेल्यांना फडकंसुद्धा लावलं नाही. त्यांची मोजणी अजून चालू आहे.

तोवर बॉयलरघरात जुनाच भोंगा आहे. दादाच्या पाळीआधी वहिनी तिथे जाते, शिडी लावते, बॅटरी बदलते आणि एकदा वाजवून बघते. हे काम कोणाचं, ते तिने कुठल्याच खात्याला विचारलेलं नाही.